केनियात सेवेला जायचंय : राजीनामा देऊ का, कर्ज काढू का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, कोल्हापुरातल्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स, हातात पगार ३८,०००. जूनपासून चार महिने केनियात किसुमूजवळच्या आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. राहणं आणि दोन वेळचं जेवण धरून संस्था १,१०,००० घेते, दोन महिन्यांचे ६५,०००. तिकीट ६२,०००, खरेदी ४०,०००. पतसंस्थेतली ३,२०,००० ची ठेव मेअखेर सुटते, म्युच्युअल फंडात २,१०,००० आहेत. आईच्या खर्चाला महिना १५,००० लागतात, गाडीचा हप्ता ३,४००. ठेवीला हात नको म्हणून दोन लाखांचं पर्सनल लोन काढावं आणि राजीनामा देऊन निघावं, असा विचार आहे.

जा. पण कर्ज काढून नको, राजीनामा देऊन नको, आणि पहिल्या खेपेला चार महिने नको.

तुमचा हिशेब २,१२,००० वर थांबतो. तो फक्त जाण्याचा झाला. चार महिने घर चालायला १८,४०० प्रमाणे ७३,६०० लागतील. तिथला वरखर्च महिना १०,००० धरला तर ४०,०००. लसी, गोळ्या, विमा आणि परवाने यांना मी ४५,००० बाजूला काढीन. परत आल्यावर नवी नोकरी लागून पहिला पगार हातात पडेपर्यंत दोन महिने धरा. तुमचा स्वतःचा खर्च १२,००० मिळवला की ते ६०,८००. खरेदी १८,००० वर आणली तरी बेरीज ४,०९,४०० होते. म्हणजे ठेव संपून फंडालाही हात लागतो, आणि आईच्या दवाखान्यासाठी उरतात सव्वा लाखाच्या आत.

दोन महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली तर चित्र बदलतं. तिकीट ६२,०००, फी ६५,०००, खरेदी १८,०००, विमा-औषधं-परवाने ३५,०००, वरखर्च २०,०००, घर ३६,८००, परतल्यावर पहिल्या पगारापर्यंतचे ३०,४००. एकूण २,६७,२००. हे सगळं ठेवीतून भागतं आणि फंड शाबूत राहतो. शिवाय मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा असतो, त्यामुळे ठेव सुटल्यावर जूनमध्ये निघणं हवेच्या दृष्टीनंही बरं. (जाता जाता : पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं. एकाच पतसंस्थेत सगळी पुंजी ठेवण्याची कोल्हापूरकरांची सवय या निमित्तानं मोडली तर चांगलंच.)

कर्जाचं म्हणाल तर दोन लाख, १४ टक्के, तीन वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे ६,८३५ आणि व्याज ४६,००० च्या आसपास. हा हप्ता पगार बंद झाल्याच्या पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. स्वतःची ठेव पडून ठेवायची आणि तिच्या व्याजापेक्षा महाग पैसा उचलायचा, यात फायदा फक्त कर्ज देणाऱ्याचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही नर्स आहात, म्हणजे सुई टोचण्याचा धोका आलाच. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती कुठे मिळतील आणि खर्च कोण करणार, हे संस्थेकडून लेखी घ्या. प्रवास विम्यात कामावर झालेली इजा बऱ्याचदा वगळलेली असते. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न जाता पॉलिसीतलं ते कलम वाचा आणि विमानानं हलवण्याचा खर्च धरलाय का ते पाहा. रुग्णाला हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. बिनपगारी असलं तरी ते कामच, पर्यटकाच्या ईटीएवर (केनियाच्या ऑनलाइन प्रवेश परवान्यावर) ते बसत नाही. ही जबाबदारी संस्था घेत नसेल तर फीचा एक रुपयाही पाठवू नका.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. ती अधिकृत केंद्रातच मिळते, तेव्हा पुण्या-मुंबईची एक फेरी धरा. केनियात प्रमाणपत्र कुणी विचारलं नाही तरी परतताना भारतात विचारतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. किसुमूच्या सरोवराकाठी मलेरिया जोरात असतो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं तर निघण्याआधी दोन दिवस, तिथले साठ आणि परतल्यावर २८, अशा ९० गोळ्या इथूनच न्या. भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. या गोळ्या चालू असताना उन्हानं कातडी लवकर पोळते म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात.

बाकी खरेदी ४०,००० ची होण्याचं कारण नाही. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, हेडलॅम्प, चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर, पुढून बंद बूट, चष्म्याची जादा जोडी, स्टेथोस्कोप, ओआरएस आणि नैरोबीच्या गार रात्रीसाठी एक स्वेटर. पीठ-डाळ नेऊ नका. किसुमूत गुजराती वस्ती जुनी आहे, सगळं मिळतं, पोळीला तिकडे चपातीच म्हणतात. कांदा-लसूण मसाला मात्र न्या, स्टीलच्या घट्ट डब्यात. सामान प्लास्टिकच्या कॅरीबॅगांत गुंडाळायचं नाही, केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे.

पैसे नेताना डॉलरच्या नोटा नव्या सालाच्या, कोऱ्या मागून घ्या. जुन्या किंवा डागाळलेल्या नोटा तिकडे नाकारतात, नाहीतर भाव पाडून घेतात. रोजच्या खर्चाला पासपोर्टवर सिम घेऊन एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची तिथली सोय) सुरू करा. डॉलर भरलेल्या कार्डानं शिलिंग काढले की विनिमय दोनदा होतो, म्हणून एटीएमला थोड्या वेळा जा, मोठी रक्कम काढा.

एजंटानं तिकीट आणि राहणं एकाच बिलात घातलं की ते परदेशी टूर पॅकेज ठरतं आणि पहिल्या रुपयापासून टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर) लागतो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. तिकीट स्वतः काढा आणि फी बँकेतून संस्थेला पाठवा. वर्षाला दहा लाखांपर्यंत अशा रकमेवर टीसीएस नाही. या फीवर ८०जीची (देणगीवरची) करसवलत मिळत नाही, कुणी सांगितलं तरी धरू नका. तुमच्या किंवा आईच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण या दोन महिन्यांत येत असेल तर आधीच भरून टाका, खंड पडला तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

या आठवड्यात रुग्णालयाला रजेचा अर्ज द्या. मंजुरी कागदावर आली की संस्थेची लेखी उत्तरं मागवा, आणि तिकीट त्यानंतरच काढा. रजा नाकारली तर आकडे घेऊन पुन्हा लिहा. तेव्हा मी बहुधा एक वर्ष थांबायला सांगेन.