गायकवाड वाडा की केसरीवाडा?

प्रश्न असा आहे : टिळकांविषयीच्या जुन्या मजकुरात 'गायकवाड वाडा' भेटतो, पुण्यात मात्र सगळे 'केसरीवाडा' म्हणतात. लिहिताना कोणतं नाव घ्यावं? आणि वर्तमानपत्राच्या कचेरीला 'वाडा' कसं काय?

वास्तू एकच, नारायण पेठेतली. बडोद्याच्या गायकवाडांचा हा वाडा टिळकांनी १९०५ मध्ये सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला. पुण्यात वाडा सहसा मालकाच्या आडनावाने ओळखला जातो. इथे मालक बदलले, पण लोकांच्या तोंडी नव्या मालकाचं नाव न बसता त्यांच्या 'केसरी' या वर्तमानपत्राचं बसलं. 'टिळकवाडा' म्हणणारेही आहेत, पण थोडे. माझ्या मते यात गणपतीचा वाटा मोठा. टिळकांचा सार्वजनिक गणपती १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात बसू लागला आणि १९०५ पासून इथे आला. आज पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींतला पाचवा म्हणजे केसरीवाड्याचा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

लिहिताना काळ पाहावा. १९१४ मध्ये मंडालेहून सुटून टिळक 'गायकवाड वाड्यात' परतले, असंच लिहावं. त्या काळाचं नाव तेच. खरी गफलत वेगळीच होते. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा १८९७ चा अग्रलेख सर्रास केसरीवाड्याशी जोडला जातो. तेव्हा 'केसरी' सोळा वर्षांचा होता, पण हा वाडा टिळकांकडे यायला अजून आठ वर्षं होती. १९०८ च्या 'देशाचे दुर्दैव' या अग्रलेखापर्यंत मात्र तो त्यांचा झाला होता. पत्राचा इतिहास आणि वास्तूचा इतिहास एकाच तारखेला सुरू होत नाहीत, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

आता 'वाडा'. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून वाडा, वाडी. कोंडवाडा, धनगरवाडा, गुरांचा वाडा हे सगळे त्याच कुळातले. श्रीमंती थाट हा नंतर चिकटलेला अर्थ. त्यामुळे एका आवारात घर आणि कचेरी असली तरी शब्दाला काही बाधा येत नाही.

'केसरीवाडा' हा समास, म्हणून शनिवारवाड्यासारखा जोडूनच लिहावा. 'गायकवाड वाडा' मात्र तोडून. जोडला की 'वाडवा' असं अडखळतं आणि भरभर बोलताना त्यातलं एक 'वाड' गिळलं जातं.