मांजानं हात कापला, रक्त थांबेना

प्रश्न: डॉक्टर, आम्ही नागपूरला महाल भागात राहतो. संक्रांतीला भाचा गाडीवरून येत होता, नायलॉन मांजानं मनगटाच्या वर चांगलंच कापलं. आम्ही हळद भरली, रुमाल धरला, थांबलं का म्हणून घडीघडी उघडून पाहत होतो, तरी थांबेना. मग सासऱ्यांनी वरून सुतळी आवळली. दवाखान्यात नऊ टाके पडले, आता बराय. पण आमचं चुकलं काय? आणि गळ्याला लागला असता तर?

उत्तर: ताई, पोरगा बराय हे वाचून जीव भांड्यात पडला. 2017 पासून हरित लवादाची बंदी आहे या मांजावर, तरी दर जानेवारीत हेच बघावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उघडून पाहणं. जखमेवर रक्ताची गुठळी धरत असते आणि आपण रुमाल उचलला की ती निघून येते, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू. स्वच्छ ओढणी, टॉवेल, जे हाताशी असेल ते घ्या, हातात पॉलिथिनची पिशवी घाला, आणि तळहातानं जोर लावून घड्याळात बघून 10 मिनिटं दाबून धरा, मधे अजिबात उचलायचं नाही. भिजलं तर वरून दुसरं कापड ठेवून आणखी जोरात दाबा. काच रुतली असेल तर मात्र ओढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळदीनं असं रक्त थांबत नाही, उलट टाके घालायच्या आधी ती धुवून काढावी लागते.

सुतळी तर नकोच. ती मांसात रुतते आणि बरेचदा फक्त वरच्या शिरा दबतात, आतली धमनी वाहतच राहते, त्यामुळे रक्त वाढतं. दाबूनही चिळकांड्या थांबत नसतील तरच जखमेच्या 5-7 सेंमी वर, सांधा सोडून, ओढणीची चार बोटं रुंद घडी बांधा, त्यात लाटणं अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. खूप दुखेल, तरी सैल करू नका, बांधल्याची वेळ लिहून डॉक्टरांना सांगा.

गळ्याभोवती मात्र काहीही बांधायचं नाही. जिथं कापलंय तिथंच बोटांनी दाबा, श्वासनळी दाबू नका, दुसऱ्याला 108 लावायला सांगा आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत हात काढू नका.

आणि भाच्याची बोटं नीट वळतात का, बधिर तर नाहीत ना, तेवढं बघा. जरा शंका आली तरी परत दाखवून आणा, कधी कधी आतली नस किंवा स्नायूची दोरी कापलेली असते आणि ते टाक्यांखाली झाकून जातं.