इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने आर्चबिशप थॉमस बेकेटच्या खुनाचा हुकूम खरोखर दिला होता का?

नाही, थेट हुकूम दिल्याचा पुरावा नाही. पण त्याच्या संतापामुळेच हा खून झाला. जून 1170 मध्ये राजपुत्राचा राज्याभिषेक यॉर्कच्या आर्चबिशपने केला. हा मान परंपरेने कँटरबरीच्या आर्चबिशपचा, म्हणजे बेकेटचा, म्हणून त्याने त्यात सामील झालेल्या बिशपांवर धार्मिक कारवाई केली. ही बातमी नॉर्मंडीत (फ्रान्समधल्या हेन्रीच्या ताब्यातल्या प्रदेशात) पोचली तेव्हा हेन्री भर दरबारात कडाडला. ‘या उपद्रवी पाद्र्यापासून माझी कोणी सुटका करील का?’ हे प्रसिद्ध वाक्य मात्र फार नंतरचं आहे. खुनाचं वर्णन लिहिणारा त्या काळचा धर्मसेवक एडवर्ड ग्रिम याने दिलेले शब्द वेगळे आहेत: एका हलक्या कुळातल्या धर्मसेवकाकडून धन्याचा अपमान होऊ देणारे कसले नादान लोक मी पोसले, असा त्यांचा आशय. दरबारातलं बोलणं ग्रिमच्याही ऐकिवातलंच. पण खुनाच्या वेळी तो स्वतः बेकेटशेजारी उभा होता आणि त्याला वाचवताना त्याच्या हातावर तलवारीचा वार बसला, म्हणून त्या प्रसंगाबाबत मी त्याला सर्वांत जास्त मानतो. फिट्झअर्स, मोरव्हिल, ट्रेसी आणि ल ब्रेटन या चार सरदारांनी 29 डिसेंबर 1170 रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्येच बेकेटला ठार केलं.

तरी हेन्रीला निर्दोष म्हणता येत नाही. 1172 मध्ये आव्हरांश इथे त्याने ‘मी हुकूम दिला नव्हता’ अशी शपथ घेतली, पण आपल्या रागामुळे हे घडलं असावं हेही कबूल केलं.