बॅचच्या रात्री जुने चावट सिनेमे लावण्याआधी

पंचवीस वर्षांनी जमणारी तुमची म्हापशाची बॅच, रात्री ऐंशीच्या दशकातले अमेरिकन कॉलेज-पार्टीवाले चावट सिनेमे, आणि ‘आज बघवतील का?’ हा तुमचा प्रश्न. वाचलं आणि राहवलं नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये मडकईला मित्राच्या अंगणात पडदा बांधून आम्ही हेच केलं होतं.

‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’ (१९८४) मी पूर्वी केबलवर अर्धामुर्धा बघितला होता. लक्षात काय, तर चष्मेवाली हुशार पोरं दांडगटांची जिरवतात. पुन्हा न बघता लावला, हीच माझी चूक. त्यात एक पोरगा मुखवटा घालून, आपण तिचा प्रियकरच आहोत असं भासवून एका मुलीशी संबंध ठेवतो. कळल्यावर ती चिडत नाही, उलट त्याच्यावर भाळते! अंगणात हशा पिकला. आमची एक वर्गमैत्रीण उठली, चपला घातल्या, गेली. ग्रुपही सोडला. दोन महिन्यांनी फोनवर म्हणाली, “सिनेमाचं सोड रे, तुम्ही सगळे हसलात ते लागलं.” शाळेपासूनची मैत्री, अजून पहिल्यासारखी झालेली नाही.

माझं मत, पटलं तर घ्या: शिव्या आणि उघडी अंगं यांनी सिनेमा शिळा होत नाही. जिच्यावर विनोद चाललाय तिला फसवलंय का, ती शुद्धीत आहे का, एवढं बघा. त्याच वर्षीच्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये दारू चढलेली मुलगी एक पोरगा दुसऱ्याच्या हवाली करतो, नायिका मॉली रिंगवाल्डनेच २०१८ साली ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकन नियतकालिकात त्यावर लिहिलं. याउलट ‘सुपरबॅड’ (२००७) तोंडाने महावात्रट, पण प्यायलेली मुलगी गळ्यात पडते तेव्हा पोरगा मागे सरतो. तो खुशाल लावा.

कुणी म्हणेल, मग दादा कोंडकेही नकोत. त्यांना कृपा करून या पंगतीत बसवू नका. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) उषा चव्हाण ऐकून घेणारी नाही, ठसक्यात उलट सुनावते. दादांचं सगळंच मी लावेन असं नाही, पण तो वात्रटपणा तमाशातून आलाय, तिथे बाईलाही जीभ असते.

आठवडाभर आधी सिनेमा अथपासून इतिपर्यंत बघा, आणि बॅचमधल्या एखादीला सोबत बसवा. एकट्याने बघून तुम्हाला खटकणार नाही, मलाही खटकलं नसतं. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर पोरांची सोय दुसरीकडे करा. ती झोपली असतील या भरवशावर राहू नका. उघड्यावर पुरता अंधार पडल्याशिवाय पडदा नीट दिसत नाही. सभागृह घेत असाल तर परवानगीचं आधी विचारून घ्या, त्यातलं मला फार कळत नाही.

आणि कुणी उठून गेलंच, तर सिनेमा तिथेच बंद करा आणि तिच्यामागे जा. आम्ही शेवटपर्यंत बघत बसलो होतो.