यंदा ‘अडचण’ सांगता येणार नाही

पत्र : मी 29 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आम्ही बौद्ध, माहेर लातूरचं. तीन वर्षांपूर्वी प्रेमविवाह केला. सासरच्यांनी आकांडतांडव केलं नाही, अट एकच घातली : साताऱ्याकडच्या त्यांच्या गावी कुणाला कळता कामा नये. सासूबाई तशा मायाळू आहेत. मला डेंगी झाला तेव्हा रात्र-रात्र कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या होत्या. पण गौरीला गावी गेलं की मला स्वयंपाकघर आणि देवघर बंद, ताटही वेगळं, माडीवर. आल्यागेल्या बायकांना सांगतात, “तिची अडचण आहे.” यंदा मला पाचवा महिना आहे, ते कारण चालायचं नाही. म्हणून आता म्हणतात, “डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय असं सांगू, तू येऊच नकोस.” माझे आईबाबा फोनवर ‘जय भीम’ म्हणतात, तेही पाहुण्यांसमोर त्यांना नको असतं. नवरा म्हणतो, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. खरं सांगू? मला त्या पूजेत काडीचा रस नाही. मग मला एवढं का लागतं?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते.

पूजेला न जाणं आणि पूजेपासून लांब ठेवलं जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीचं नाव घेऊनच सांगितलंय की मी त्यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. तुझ्या माहेरी हे तुझ्या कानावरून शंभरदा गेलं असेल. तेव्हा नैवेद्याच्या ताटाला हात लावायचा नाही, हे तूसुद्धा म्हणू शकतेस. पण ते तू म्हणायचं. सासूबाईंनी ठरवायचं आणि वर तुझ्या पाळीची थाप मारायची, हा काय प्रकार झाला? एक विटाळ झाकायला दुसरा विटाळ पुढे केला, आणि दोन्ही तुझ्याच अंगावर.

1927 च्या मार्चमध्ये महाडला माणसं चवदार तळ्यावर गेली, ती काही तहानेनं नव्हे. नगरपालिकेनं तळं आधीच सगळ्यांना खुलं केलेलं होतं, कागदावर. प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घेतलं तर दंगल झाली, आणि नंतर पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं, की हे पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार आहोत अशातला भाग नाही; इतरांसारखी आपणही माणसं आहोत, एवढंच दाखवायला तिथं जायचंय. तुला लागतंय ते हेच. पुरणपोळीशी त्याचा संबंध नाही. सून म्हणून तुझी नोंदही कागदावर झालीच आहे की!

सासूबाईंना मी खलनायिका ठरवणार नाही. पण तापात तुझ्या कपाळाला लागलेला हात पुण्यात बाटत नाही आणि गावी बाटतो, म्हणजे भीती देवाची नाहीच, भावकीची आहे. ही चांगली बातमी समज, भावकीची भीती कमी करता येते. मात्र ‘जुन्या वळणाच्या आहेत’ म्हणून डोळेझाक करू नकोस. घटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला बंदी घातली आहे. चौकीत जा असं मी म्हणत नाही. जे चाललंय त्याला ‘अस्पृश्यता’ म्हणतात, एवढं तुझ्या नवऱ्यानं तरी एकदा तोंडानं म्हणावं.

त्याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं. तीन दिवसांचा प्रश्न म्हणे! ते तीन दिवस तो पंगतीत बसतो आणि तू माडीवर. पुढच्या वर्षी बाळ सात-आठ महिन्यांचं असेल. आजी हौसेनं त्याला मांडीवर घेऊन गौरीपुढे बसेल आणि त्याची आई उंबऱ्याबाहेर. तेव्हा बाहेरच्यांना काय सांगणार आहेत, हे त्याला आजच विचार.

आईशी बोलायचं ते त्यानं. तू नाही. तू बोललीस तर ते सासू-सुनेचं भांडण होतं, तो बोलला तर घरातली गोष्ट होते. गौरी यायच्या तीन-चार आठवडे आधी, पाहुणे नसताना, समोर बसून, फोनवर नको. त्यानं एवढंच सांगावं : ती बौद्ध आहे. आलो तर दोघं येऊ, सून म्हणून येऊ, सगळ्यांबरोबर जेवायला बसू. ते जमणार नसेल तर दोघंही येणार नाही आणि कुणी विचारलं तर खरं कारण सांगू. गावभर दवंडी पिटा असं आपण सासूबाईंना म्हणत नाही. खोटं बोलू नका, एवढंच म्हणतोय.

तू काय सोडू शकतेस? आरतीला उभं राहणं, हळदीकुंकू, सोवळ्यातला स्वयंपाक, जे तुला पटत नाही ते सगळं खुशाल सोड आणि तोंडानं सांगून सोड. खोट्या सबबी, माडीवरचं वेगळं ताट आणि आईबाबांच्या ‘जय भीम’वरची बंदी मात्र आता बास. पोटुशी आहेस, तेव्हा प्रवासाचं डॉक्टरांना खरोखर विचार. त्यांचं नाव खोट्याला नको, पण त्यांनी खरंच नको म्हटलं तर ऐकावं लागेल. आणि तसं झालं तरी नवऱ्यानं बोलायचं टाळायचं नाही.

सासूबाई रुसतील. कदाचित वर्षभर. भावकीतलं कुणी टोमणेही मारेल. त्याची तयारी ठेव, आणि हे तुझ्यामुळे झालं असं वाटून घेऊ नकोस.

सातव्या महिन्यात तुझी आई डोहाळजेवण करणार असेल, तर तिनं लातूरहून विहीणबाईंना रीतसर फोन करावा, ‘जय भीम’ म्हणूनच. हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो जिथं आहे तिथंच राहू दे. आणि सासूबाईंचं गाडीचं तिकीट तुझ्या नवऱ्याला काढायला सांग.