वाचकांचे प्रश्न : हायकूची बैठक

प्रश्न : आम्ही सहा जण दर पंधरवड्याला जमतो आणि आपापले हायकू (तीन छोट्या ओळींच्या, जपानी वळणाच्या कविता) वाचतो. दोन शेतकरी, दोन शिक्षक, एक अंगणवाडीताई आणि एक निवृत्त पोस्टमन. कुणी वाचलं की सगळे ‘वा’ म्हणतात आणि पुढचा सुरू करतो. गेल्या वेळी एकाने स्पष्ट बोलून दाखवलं, तर पोस्टमनकाका उठून गेले ते अजून आलेले नाहीत. मैत्री टिकवून लिहिणं सुधारायचं कसं?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : अडचण तुमच्या वाचण्याच्या पद्धतीत आहे. कवी समोर बसून स्वतःच वाचतो, तेव्हा ऐकणाऱ्याला त्याच्या तोंडावर बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रात तोच माणूस भेटणार असेल, तर कोण खरं बोलेल? जपानमध्ये हायकू लिहिणारे यासाठी ‘कुकाई’ भरवतात. तिथे आधी कविता पुढे येते, नाव नंतर कळतं.

एका फुलस्केपच्या आठ लांबट पट्ट्या कापा. प्रत्येकाने तीन हायकू आणायचे, एका पट्टीवर एक, नाव न लिहिता. सहा जणांच्या अठरा पट्ट्या पिशवीत घालून मिसळायच्या आणि प्रत्येकाला तीन-तीन वाटायच्या. यापुढची पायरी बरेच जण कंटाळा करून गाळतात, ती मात्र गाळू नका. वाट्याला आलेल्या पट्ट्या प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आपल्या अक्षरात उतरवायच्या आणि कागदावर 1 ते 6 पैकी आपला क्रमांक टाकायचा. सहा माणसांत अक्षर लगेच ओळखू येतं. उतरवून घेतलं नाही तर नाव झाकलं काय आणि न झाकलं काय, सारखंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असलं तरी जसंच्या तसं उतरवा. स्वतःचीच पट्टी हातात आली तर गपचूप उतरवायची.

मग कागद उजवीकडच्याला देत फिरवा. प्रत्येकाने चार हायकू निवडायचे, त्यातला एक खास. स्वतःचा निवडायचा नाही. सगळ्यांची निवड एकाने मोठ्याने वाचायची. जपानी रीतीत निवड वाचली जात असतानाच कवी आपलं नाव सांगतो. तुम्ही मात्र पहिलं वर्षभर चर्चा संपेपर्यंत नाव उघड करू नये, असं आम्हाला वाटतं.

चर्चेत आधी निवडणाऱ्याने बोलायचं : मला काय दिसलं, काय ऐकू आलं. मग न निवडणाऱ्याने सांगायचं, कुठल्या शब्दाशी अडखळलो. नुसतं ‘छान’ चालणार नाही आणि नुसतं ‘जमलं नाही’ हेही चालणार नाही. एका हायकूला पाच-सात मिनिटं पुरतात. कुणीच न निवडलेला एखादा हायकूही दरवेळी घ्या, नाहीतर ज्याला कधीच मत मिळत नाही त्याला का मिळत नाही हे कळणारच नाही. सगळं मिळून दोन-अडीच तास लागतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. ‘हा तर ताईंचाच!’ असा अंदाज बांधण्याचा खेळ सुरू झाला की सगळी मेहनत वाया जाते; तो पहिल्याच दिवशी बंद करा. आणि शिक्षकांपैकी कुणी हळूहळू परीक्षक होऊन बसतो. म्हणून बैठक चालवणारा दरवेळी बदला, आणि मतांची वर्षभराची बेरीज ठेवू नका.

पोस्टमनकाकांकडे, ज्याला त्यांचे हायकू मनापासून आवडतात अशा कुणीतरी जावं. झालेलं उकरून न काढता पुढच्या बैठकीचा विषय त्यांच्याकडून मागून आणावा. कुकाईतही विषय आधी देण्याची रीत आहे. ज्याने विषय दिला, त्याची सगळे वाट बघतात.

प्रश्न : माझा हायकू असा आहे : ‘उदास शेत / उलंगवाडी झाली / मन रिकामे’. मंडळात कुणाला भिडला नाही. काय कमी आहे?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : कमी काही नाही, जास्त झालं आहे. ‘उलंगवाडी’ हा एकच शब्द विदर्भातल्या वाचकाला संपलेली कापसाची वेचणी, वाळलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं), शेतात सोडलेली गुरं, सारं दाखवतो. त्याच्या आधी ‘उदास’ आणि नंतर ‘मन रिकामे’ म्हटल्यावर वाचकाला करायला काही उरत नाही. शिवाय तीन ओळींत शेत सोडलं तर डोळ्यांना दिसेल अशी एकही नेमकी वस्तू नाही. दोन्ही भावना काढा, उलंगवाडीला पहिली ओळ द्या, तिथे थांबा, आणि मग शेतात जे दिसलं तेच लिहा :

उलंगवाडी
पऱ्हाटीला राहिले
एकच बोंड

पहिल्या ओळीनंतरचा थांबा महत्त्वाचा. जपानीत तो दाखवायला खास शब्द असतात. मराठीत ओळ तोडली, किंवा क्रियापद न घालता नुसतं नाम ठेवलं, की भागतं. थांबा एकच हवा. तिन्ही ओळी सुट्या पडल्या तर ती यादी होते.

प्रश्न : हायकूच्या तीन ओळींत 5-7-5 मोजायचं ते अक्षरांनी की मात्रांनी? आमच्यात यावरून वाद होतात.
— एक वाचक, मोर्शी

उत्तर : जपानीतलं मोजमाप मात्रेच्या जवळचं आहे, तिथे दीर्घ स्वर दोन धरतात. पण मराठीत तसं मोजलं तर श्वास घ्यायलाही जागा राहत नाही. वरचा ‘उलंगवाडी’ अक्षरांनी 5-7-5 आहे, मात्रांनी 8-12-7. म्हणून मोजायचंच असेल तर अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरा.

मराठीत हायकू रुजवला तो कवयित्री शिरीष पै (1929-2017) यांनी. त्या वळणाच्या हायकूत तीन छोट्या ओळी आणि त्यातल्या दोन ओळींचं यमक असतं, अक्षरांचा आकडा काटेकोर नसतो. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. मंडळाने एक निवडून सहा महिने तरी पाळावी. अक्षरं मोजणाऱ्याच्या ओळीत ‘ती’, ‘हा’, ‘रे’ असं भरताड येतं. यमक जुळवणाऱ्याकडे शेवटचा शब्द ओढून आणलेला असतो. तो शब्द झाकून वाचा. चित्र तसंच राहिलं तर ते भरताड आहे.

प्रश्न : हायकूत ऋतूचा शब्द हवा म्हणतात. पण जपानी यादीत चेरी आणि बर्फ. आम्ही काय घालायचं?
— एक वाचक, लाखनी तालुका

उत्तर : जपानी ‘साइजिकी’ म्हणजे ऋतुशब्दांचा कोश. त्यात वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा आणि नववर्ष असे भाग असतात. तुम्ही आपली वही करा आणि पावसाळ्यापुरती ती नक्षत्रांवर लावा. शेतकरी सदस्यांना नक्षत्रं पाठ असतात आणि एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं, म्हणजे पंधरवड्याला जमत असाल तर एका बैठकीपासून दुसरीपर्यंतचं. रोहिणीत नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस), मृगात लाल मखमली किडा, पुढे डवरणी (कोळपणी), झड (दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस), पोळा, तान्हा पोळा. बाकीचं वर्ष महिन्यांवर : सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा), जागल (पिकाची रात्रीची राखण), जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याच्या आंबिया बहाराचा वास, मग पळस, मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. तुमच्याकडे धान आहे, म्हणजे पऱ्हे (धानाची रोपं) आणि रोवणी (त्यांची लावणी) आलीच. यवतमाळच्या मंडळाची वही तुम्हाला चालणार नाही आणि तुमची त्यांना.

प्रत्येक शब्दापुढे प्रत्यक्ष पाहिलेली एक ओळ लिहा. नुसता ‘मोहफूल’ नको. ‘पहाटे गळतं, ऊन चढायच्या आत वेचतात, झाडाखालचा पाला आधी झाडून किंवा जाळून ठेवतात’ असं हवं. कुणी भरदुपारी मोहफुलांचा सडा पाडला तर वेचणारी ताई तिथेच पकडेल, आणि ती दुरुस्ती कुठल्याही पुस्तकातून मिळायची नाही. एका हायकूत ऋतूचे दोन शब्द आले तर एक काढा. पळस आणि मोह दोघे एकमेकांची जागा खातात.

प्रश्न : सगळ्यांनी मिळून एकच कविता लिहिता येते का?
— एक वाचक, चिमूर

उत्तर : येते, आणि हायकूचा जन्मच तिथला. जपानी कवी बाशो (1644-1694) शिष्यांबरोबर साखळीकविता रचत असे. छत्तीस कडव्यांच्या साखळीत चंद्राची तीन आणि फुलाची दोन कडवी येतात. तिचं पहिलं कडवं पुढे कवी शिकी (1867-1902) याने स्वतंत्र केलं, तोच आजचा हायकू.

तुम्ही बारा कडव्यांपासून सुरू करा : एक तीन ओळींचं, एक दोन ओळींचं, आलटून पालटून. पहिलं पाहुण्याने लिहायचं, दुसरं घरधन्याने. नियम एकच, पण तो कठीण आहे : कडवं आपल्या आधीच्याला जोडलेलं हवं आणि त्याच्याही आधीच्याला सोडलेलं हवं. वरच्या उलंगवाडीला दुसरं ‘धुऱ्यावर थांबली / बैलगाडी रिकामी’ जोडलं, तर तिसऱ्यात शेत नको, कापूस नको. ‘लेकीचा फोन / चुलीवरचं दूध / उतू चाललं’ चालेल. गाडी खोळंबली, तसं इथे काम खोळंबलं. बहुतेक साखळ्या फसतात त्या तिसऱ्या कडव्याला, कारण लिहिणारा गोष्ट पुढे न्यायला लागतो. एका कडव्याला दहा मिनिटं द्या, आणि ठेवायचं की बदलायचं हे त्या दिवशी एकानेच ठरवावं.

प्रश्न : पेरणीच्या दिवसांत कुणी येत नाही. बैठक बंद ठेवावी का?
— एक वाचक, उमरखेड तालुका

उत्तर : बंद ठेवू नका, छोटी करा. एकच हायकू, पट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी एका ठरलेल्या दुकानात ठेवायची, एकाने सगळ्या उतरवून कागद फिरवायचा. चर्चा झड लागली की आपोआप होते, तेव्हा शेतात कुणालाच जाता येत नाही.

प्रश्न : मित्राने माझ्या हायकूतला एक शब्द बदलून दिला आणि तो एकदम सुधारला. आता तो कुणाचा?
— एक वाचक, तुमसर

उत्तर : तुमचाच. जपानमध्ये गुरूने दुरुस्त केलेला हायकूही शिष्याच्याच नावावर राहतो. मात्र शब्द नव्हे, चित्रच मित्राने दिलं असेल, तर तो हायकू त्याला द्या किंवा दोघांची नावं घाला. आणि पट्टीच्या मागे मूळ ओळ तारखेसह लिहून ठेवा.