टीचरला माझं नाव माहीत नाही

ओपन डेच्या दुसऱ्याच दिवशी त्या समुपदेशनाला आल्या. ऐरोली परिसरातल्या एका ख्रिस्ती शाळेत सातवीच्या वर्गशिक्षिका, वर्गात ५८ मुलं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) एका मुलाची आई जाता जाता म्हणाली होती, "टीचर, तो घरी सांगतो, टीचरला माझं नावच माहीत नाही. मला रोल नंबरानं, थर्टीवनच म्हणतात." बाईंना ते फार लागलं. कारण रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या हजेरीतल्या एकेका मुलासाठी प्रार्थना करत. "जीव आहे हो माझा या मुलांवर. मग त्यांच्यापर्यंत पोचत का नाही?"

मिशनच्या शाळांमधल्या शिक्षकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. त्याच्या आड बहुधा आणखी दोन धास्ती असतात. मुलाच्या जवळ गेलं, तर घरचे म्हणतील धर्म शिकवते. पाठीवर हात ठेवला, तर कुणी भलताच अर्थ काढेल. मग शिक्षक पोर्शन, टेस्ट आणि रिमार्क एवढ्यातच राहतात आणि माया मनातच राहते.

इटलीतल्या तुरिनच्या गरीब मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या डॉन बॉस्को यांनी १८८४ साली रोमहून लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच मांडलं आहे: मुलांवर प्रेम असणं पुरेसं नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळायला हवं. या बाईंच्या मायेत काहीच कमी नव्हतं. ती मुलांना दिसेल अशी दिवसभरात कुठे जागाच नव्हती.

पहिल्या भेटीत त्यांना कोरा कागद दिला आणि हजेरी न बघता वर्गातली सगळी नावं लिहायला सांगितली. ४१ आठवली. राहिलेली १७ मुलं ना हुशार, ना दंगेखोर. वर्गात आवाज नसलेली, मधल्या बाकांवरची. मग प्रत्येक नावापुढे अभ्यासाबाहेरची एक गोष्ट लिहायची होती: धाकटी बहीण आहे, कॅरम आवडतो, काहीही. १९ नावांपुढेच काही लिहिता आलं. बायबलमधला चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो, हे त्या दर वर्षी व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला शिकवतात. कागदाकडे बघत त्या बराच वेळ गप्प बसल्या.

काम थर्टीवनपासून सुरू केलं. पद्धत साधी आहे: एका मुलाशी रोज दोन मिनिटं, शाळेचे सलग दहा दिवस, अभ्यास आणि शिस्त सोडून बोलायचं. बिघडतं ते तपशिलात. मुलाला टेबलापाशी किंवा स्टाफरूममध्ये बोलावलं, तर वर्गाला वाटतं ओरडा बसला. म्हणून जिना उतरताना रांगेच्या बाजूनं चालत बोलावं. "घरी सगळं ठीक ना?" या प्रश्नानं सुरुवात केली की मूल मिटतं, त्याला ती चौकशी वाटते. डोळ्यांना दिसतंय त्यावर बोलावं: बाटलीवरचं स्टिकर, नवीन सँडल. पहिले तीन-चार दिवस खांदे उडवणं एवढंच उत्तर मिळेल. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. मधे प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास, लागून एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी "काल राहिलं आपलं" म्हणावं. आणि अकराव्या दिवशी एकदम तोडू नये, आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवावं.

पाचव्या दिवशी मुलानं वही पुढे केली. मागच्या पानावर ठाणे–वाशी मार्गावरची लोकल काढलेली होती, वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या पेंटोग्राफची प्रत्येक दांडी मोजून काढल्यासारखी. त्याच पानावर तिरक्या लाल अक्षरात बाईंचाच जुलैमधला शेरा होता: वहीत रेघोट्या मारू नये. बाईंनी तिथल्या तिथे माफी मागितली. ती मागावीच, आणि "पण तूही..." असं पुढे काही न जोडता.

सातव्या दिवशी घरचं निघालं. वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार, पाठ धरल्यानं घरी. आई पहाटे पोळ्या करायला जाते, आणि धाकटीला बालवाडीत सोडून हा शाळेत येतो. डायरीत मात्र उशिराचे नऊ रिमार्क. बाई शाळा चालवणाऱ्या सिस्टरांशी बोलल्या, सोमवार ते शुक्रवार दहा मिनिटांची सवलत मिळाली, आणि थकलेल्या फीचा विषय बंद पाकिटातून पालकांपर्यंत गेला. वर्गात उभं करून फीची नावं वाचणं, ही एक रीत बंद झाली तरी कितीतरी मुलांची मान वर होईल.

एकाच मुलाशी बोललं की बाकीच्यांना ते दिसतंच. एका मुलीनं विचारलं, "टीचर, त्याच्याशीच का बोलता?" उत्तर "सगळ्यांची पाळी येणार" असं असावं आणि ती खरंच यावी. त्यासाठी वह्यांचा उपयोग होतो. रोज फक्त पाच वह्यांत एक नेमकं वाक्य लिहायचं, १२ शाळेच्या दिवसांत ५८ मुलं होतात. "गुड" नको. "पावसाच्या निबंधात पत्र्याचा आवाज छान पकडलास" असं हवं. कुणाला लिहून झालं, याच्या खुणा फक्त नावापुढे ठिपका देऊन ठेवाव्यात. घरची माहिती टाचणवहीत, म्हणजे पाठांच्या तयारीच्या वहीत, लिहू नये, ती वही दहा हातांतून फिरते.

आता प्रार्थनेचं. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. मनातल्या मनात प्रार्थना करायला बाई पूर्ण मोकळ्या आहेत. मुलाला मात्र "तुझी आठवण ठेवते" एवढं म्हणणं बहुतेक वेळा पुरतं. श्रद्धा कमी पडली म्हणून संकट आलं, असं दुखावलेल्या मुलाला कधीही सांगू नये. उलट, राखीपौर्णिमेनंतर हातावर मेंदी दिसली म्हणून असेंब्लीत उभं करणं, कपाळावरची टिकली सगळ्यांदेखत काढायला लावणं, यानं वर्षभराची माया एका मिनिटात पुसली जाते. नियम असेल तर पालकांना आधीच कळवावा. गणपतीत गावी गेलेल्याला "आरती कोण म्हणतं तुमच्याकडे?" असं विचारावं, रोजा धरलेल्याला पीटीत सावलीत बसू द्यावं.

स्पर्शाबद्दल: दार उघडं, दोघं इतरांना दिसतील अशी जागा, आणि खांद्यावर हातसुद्धा मुलाला चालत असेल तरच. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर खोदून प्रश्न न विचारता त्याचेच शब्द लिहून ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं होत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

तिसऱ्या भेटीत तोच कागद पुन्हा दिला. ५८ नावं आली. पुढचा रकाना दोन मुलींसमोर अजून कोरा होता. त्या दोघी मधल्या सुट्टीत कुठे बसतात, हे बाई सोमवारी पाहणार आहेत.